दीर्घरोगी मुलांचें पालकत्व

आजारी मूल पाहून ज्याचें अंतःकरण द्रवत नाहीं असा मनुष्य विरळा. आगगाडींत, बाजाराच्या तोंडाशीं किंवा इस्पितळाच्या ओसरीवर असें एखादें मूल दृष्टीस पडलें म्हणजे आपला हात सहज खिशाकडे जातो, आणि आपण कांहीं तरी दिलें या समाधानांत आपण पुढें चालूं लागतों. या दयेस मी नांवें ठेवीत नाहीं. ती नसती तर पुष्कळ मुलांस रात्रीचा घांसहि मिळाला नसता. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, ते आपल्या दयेपेक्षां अधिक दिवस टिकतात. ताप येतो आणि जातो. मोडलेलें हाड कांहीं आठवड्यांत सांधतें. पण जो रोग मुलाबरोबर वाढतो, त्याच्याबरोबर इयत्ता चढतो आणि त्याच्याबरोबरच म्हातारा होणार असतो, त्या रोगापुढें एका दिवसाच्या दानाचा टिकाव कसा लागावा?

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेंतील लहानांत लहान मुलांसहि ठाऊक आहे. यरुशलेमाहून यरीहोच्या वाटेस लागलेल्या एका वाटसरूस चोरांनीं लुटून अर्धमेला टाकिलें. याजक व लेवी त्यास पाहून दुसऱ्या बाजूनें निघून गेले. शोमरोनी मात्र थांबला, त्याच्या जखमा बांधिल्या व त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत घेऊन गेला. येथपर्यंतचा भाग आपण नेहमीं ऐकतों. पुढचा भाग बहुधा घाईनें उरकला जातो. दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या रक्षकाच्या हातीं दोन नाणीं ठेविलीं, आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना तो फेडीन असें त्यास सांगितलें. मला तर साऱ्या कथेचें मर्म या सांगण्यांत दिसतें. जखम बांधण्यास कळवळा पुरतो. पुढच्या अनिश्चित खर्चाची हमी घेण्यास विचार आणि निश्चय लागतो. शिवाय, जखमी मनुष्याचें नांव त्यानें विचारलें किंवा त्याजकडून आभार मानून घेतले, असें कथेंत कोठेंहि आलेलें नाहीं.

दीर्घकाळ टिकणारे बालरोग पुष्कळ आहेत. थॅलेसेमिया झालेल्या मुलास दर कांहीं आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त भरावें लागतें. विदर्भांतील व खानदेशांतील आदिवासी घरांत सिकलसेलच्या वेदनांनीं तळमळणारीं मुलें आहेत. आईबापांच्या रोगाचा वारसा घेऊन जन्मलेलीं एच. आय. व्ही. बाधित मुलेंहि आहेत. या सर्वांविषयीं एकाच लेखांत लिहूं गेल्यास कोणाविषयींच नीट लिहिलें जाणार नाहीं. म्हणून मी एकच रोग घेतों. तो मुलांचा मधुमेह, ज्यास वैद्य लोक टाइप १ म्हणतात. तो घेण्याचें कारण असें कीं, या रोगांत औषधाचा आणि शाळेचा संबंध जितका जवळचा आहे तितका क्वचितच दुसऱ्या रोगांत असेल.

या रोगाविषयीं आपल्याकडे गैरसमज फार. मुलानें गोड फार खाल्लें म्हणून हा रोग झाला असें शेजारीपाजारी म्हणतात, आणि बिचारी आई आयुष्यभर मनांतल्या मनांत जळत राहते. वस्तुस्थिति निराळी आहे. शरीराचें रक्षण करणारी जी शक्ति, तीच कांहीं कारणानें उलटून स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करिते. त्यांत मुलाचा दोष नाहीं, आईचा नाहीं आणि पेढ्यांचाहि नाहीं. हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. अशा मुलाशेजारीं बसल्यानें किंवा त्याच्या डब्यांतील घांस खाल्ल्यानें कोणासहि तिळमात्र अपाय होत नाहीं. इन्सुलिन बाहेरून टोचून घेणें हाच त्यावर उपाय आहे, आणि तो रोज, दिवसांतून दोन ते चार वेळां, जन्मभर करावा लागतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें वीस वर्षांखालील अशीं मुलें भारतांत सव्वादोन लाखांहून अधिक होतीं, आणि ही संख्या कोणत्याहि दुसऱ्या देशापेक्षां मोठी होती.

शंभर वर्षांपूर्वीं या मुलांची स्थिति काय होती हें विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें. तेव्हां रोग कळला म्हणजे मरण कळलें असें समजत. डॉक्टर मुलास जवळ जवळ उपाशी ठेवीत, म्हणजे तें आणखी कांहीं महिने जगे. ११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं लिओनार्ड टॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली टोचणी मिळाली. त्याचें वजन त्या वेळीं अवघें ६५ पौंड होतें. पहिल्या टोचणीनें म्हणण्यासारखा गुण आला नाहीं. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानें तो अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीस पुनः टोचण्यास आरंभ झाला, आणि मुलगा मरणाच्या दारांतून परत आला. तो पुढें तेरा वर्षें जगला. बँटिंग व मॅक्लिऑड यांस १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. तींत नसणारी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याच वर्षीं शोधकांनीं या औषधावरील आपला हक्क टोरोंटोच्या विश्वविद्यालयास प्रत्येकीं एका डॉलरास देऊन टाकला. कोट्यवधि रुपयांची मिळकत त्यांच्या पायाशीं होती, आणि त्यांनीं ती उचलली नाहीं.

असें असूनहि आज बीडच्या किंवा यवतमाळच्या एखाद्या खेड्यांतील मजुराच्या मुलापर्यंत तें औषध बिनचूक पोंचेलच अशी खात्री देतां येत नाहीं. येथें हिशेब मांडलाच पाहिजे, कारण हिशेबाखेरीज दया लुळी असते. साध्या इन्सुलिनच्या कुपीस दोनशें रुपयांच्या आंतबाहेर पडतात, आणि मध्यम वयाच्या मुलास महिन्यास दोनतीन कुप्या लागतात. कोणी म्हणेल, हें तर फार नाहीं. परंतु किती इन्सुलिन टोचावयाचें हें ठरविण्यासाठीं बोटाचा थेंब घेऊन रक्तांतील साखर मोजावी लागते, आणि त्या मोजण्याच्या एका पट्टीस पंधरावीस रुपये पडतात. दिवसांतून तीन वेळां मोजलें तरी महिन्याचा खर्च दीड हजारांवर जातो. म्हणजे औषधापेक्षां मोजमापच महाग! गरिबाच्या घरीं प्रथम पट्ट्या बंद होतात आणि इन्सुलिन अंदाजानें टोचलें जातें. चुकीच्या अंदाजाचा दंड कधीं त्याच दिवशीं भरावा लागतो, कधीं वीस वर्षांनीं डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या रूपानें.

पैशाखेरीज आणखीहि अडचणी आहेत. इन्सुलिन थंड जागीं ठेवावें लागतें, आणि आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. ज्या घरीं शीतपेटी नाहीं तेथें मातीच्या दोन भांड्यांत ओली वाळू घालून आंत कुपी ठेवण्याची युक्ति डॉक्टर सांगतात, व ती चांगली चालते. आपल्या आजीबाईंच्या माठाचा हा उपयोग पाहून शहाण्या माणसासहि कौतुक वाटेल. पण ऊस तोडावयास जाणाऱ्या कुटुंबाचें काय? दिवाळीच्या सुमारास घर बंद करून हीं माणसें कारखान्यांच्या गांवीं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पांचसहा महिने पाचटाच्या कोपींत राहणें, पहाटे फडावर जाणें, जेवणाची वेळ अशी नाहीं. ज्या मुलाचें जेवण, टोचणी आणि श्रम हीं घड्याळाच्या कांट्यावर बांधलेलीं असावयास पाहिजेत, त्यानें तेथें कसें जगावें? त्यास मागें ठेवावें तर ठेवावयाचें कोणापाशीं? वसतिगृहाचे चालकहि टोचणीचें नांव ऐकून कचरतात. अशा मुलाच्या वसतीची, शाळेची आणि औषधाची सोय एकाच ठिकाणीं लावून दिली पाहिजे. तीन दात्यांनीं तीन तुकडे दिले तर त्यांचें पांघरूण होत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. पुष्कळ सज्जन असें मानतात कीं, औषध ही जीवनाची गरज आणि शिक्षण ही मागाहूनची गोष्ट; आधीं मूल जगूं द्या, मग शिकवा. या रोगापुरतें तरी हें मत साफ चुकीचें आहे असें मी म्हणतों. इन्सुलिन मोजून घ्यावें लागतें, आणि मोजणें हें शाळेंतच शिकतां येतें. आपल्या देशांत मिळणाऱ्या कुपीच्या एका मिलिलिटरांत बहुधा चाळीस मात्रा असतात, तर पेनांतील इन्सुलिनच्या तितक्याच भागांत शंभर. एकाची पिचकारी दुसऱ्यास वापरली तर मात्रा अडीचपट चुकते, आणि त्या चुकीनें मूल बेशुद्ध पडूं शकतें. ज्या मुलास त्रैराशिक येतें तें ही चूक ओळखील. ज्यास वाचतां येतें तें कुपीवरची तारीख पाहील, वहींत रोजचे आंकडे लिहील आणि डॉक्टरांस दाखवील. निरक्षर आईच्या घरांतील सातवींत शिकणारी मुलगी हीच त्या घराची परिचारिका असते. तिची शाळा सुटली म्हणजे तिच्या औषधाचा निम्मा गुण गेला. यास्तव जो नुसतें औषध देतो तो अर्धें काम करितो, आणि जो नुसती फी भरतो तोहि अर्धेंच.

मुलींविषयीं दोन शब्द वेगळे लिहिणें भाग आहे. मुलास हा रोग झाला तर घर कर्ज काढतें. मुलीस झाला तर घर गुपित राखतें. हिचें लग्न कसें होणार, या काळजीनें रोग नातलगांपासून लपविला जातो. पाहुण्यांदेखत टोचणी नको म्हणून ती चुकविली जाते, शाळेंत कोणास कळूं नये म्हणून शाळाच सोडविली जाते. नागपुरास डॉ. शरद पेंडसे यांनीं ड्रीम ट्रस्ट ही संस्था काढून गरीब घरच्या मधुमेही मुलांस इन्सुलिन पुरविण्याचें काम चालविलें, तें या दृष्टीनेंहि पाहण्यासारखें आहे. औषध संस्थेकडून नियमानें येऊं लागलें म्हणजे घरांत मुलीवरचा खर्च वायां गेला असें कोणास म्हणतां येत नाहीं. पालकत्व घेणाऱ्यास निवड करण्याचा प्रसंग आलाच तर त्यानें मुलीस प्रथम घ्यावें, असें माझें स्पष्ट मत आहे. यास कोणी पक्षपात म्हटलें तरी चालेल.

अशा पालकत्वाची चाल आपल्याकडे नवी नाहीं, आणि मिशनच्या संस्थांत तर ती फार जुनी आहे. १९१३ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत विल्बर चॅपमन नांवाच्या एका शाळकरी मुलास पाहुण्यानें तीन डॉलर भेट दिले. त्यानें खाऊ न घेतां डुकराचें एक पिलूं विकत घेतलें, तें पोसून मोठें केलें व विकलें, आणि आलेले पंचवीस डॉलर एका कुष्ठरोगी मुलाच्या वर्षाच्या खर्चासाठीं देऊन टाकले. पिलाचें नांव पीट होतें. पुढें हजारों मुलांनीं डुकराच्या आकाराच्या पेट्यांत पैसे सांठवून तोच कित्ता गिरविला. गोष्ट गोड आहे, आणि मुलांस आवडतेहि. परंतु ती वाचतांना माझ्या मनांत नेहमीं येतें कीं, पंचवीस डॉलर हे एका वर्षाचे झाले. दुसऱ्या वर्षीं त्या मुलाचें काय?

या प्रश्नाचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत आहे. बाईंनीं विधवा मुलींसाठीं शाळा काढण्याचा संकल्प केला तेव्हां १८८७ सालीं बॉस्टन शहरीं त्यांच्या साह्यार्थ एक मंडळी स्थापन झाली, आणि ठिकठिकाणीं लहान लहान मंडळें निघालीं. सभासदानें वर्षास एक डॉलर द्यावा, पण तो दहा वर्षें द्यावा, असा तेथें नेम होता. रक्कम लहान आणि मुदत लांब, ही त्यांतील खुबी. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. दहा वर्षें भरल्यावर बाई १८९८ सालीं पुनः अमेरिकेस गेल्या, लोकांपुढें उभ्या राहिल्या, आणि मदतीची व्यवस्था नव्यानें बांधली गेली. एखाद्या धनिकानें एकदम दहा हजार दिले असते तर इमारत उभी राहिली असती. पण पहिल्या दिवशीं आलेली मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत चूल पेटत राहील ही खात्री त्या एक एक डॉलरानें दिली.

आपल्या शाळेनें हाच नेम उचलावा. एका वर्गांत पन्नास मुलें धरलीं आणि प्रत्येकानें महिन्यास पन्नास रुपये दिले तर अडीच हजार होतात. त्यांत एका मुलाचें इन्सुलिन, पिचकाऱ्या आणि रोजच्या तीन पट्ट्या एवढें भागतें. ज्या घरास पन्नास जड आहेत त्यानें पांच द्यावे, आणि ज्यास हलके आहेत त्यानें न बोलतां भर घालावी. वह्यापुस्तकांचा व वसतीचा खर्च पालकमंडळानें उचलावा. अडचण एकच आहे: वर्ग शाळा सोडून जातो, आणि रोग सोडून जात नाहीं. म्हणून हें पालकत्व मुलांच्या नांवें नसावें, वर्गाच्या नांवें असावें. दहावीचा वर्ग निघतांना त्यानें तें आठवीच्या वर्गाच्या हवालीं करावें, जसें क्रिकेटचें सामान हवालीं करितात. यादी वाचून, सही घेऊन. पैसे मुलाच्या घरीं रोख न देतां, जेथें त्याचा डॉक्टर त्याची वही पाहतो त्या संस्थेकडे जावे, आणि तिचा हिशेब वर्षांतून दोनदां वर्गापुढें वाचून दाखवावा.

दोन गोष्टी मात्र करूं नयेत. मुलाचें छायाचित्र मागूं नये व छापूं नये; आणि त्याजकडून आभाराचें पत्र लिहून घेऊं नये. दूरच्या आश्रयदात्यास वर्षास एक पत्र लिहावयाचें, आणि तें गुरुजींनीं सांगितलेल्या शब्दांत लिहावयाचें, हा प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो. देणाऱ्यास त्यानें आनंद होतो हें खरें. पण ज्या मुलास रोज सकाळीं स्वतःच्या अंगांत सुई टोचून दिवस सुरू करावा लागतो, त्याच्या डोक्यावर आणखी कृतज्ञतेचें ओझें कशास? त्यास लिहावेंसें वाटलें तर तें लिहील, आणि तें पत्र वाचण्याजोगें असेल.

आतां कांहीं आक्षेप. एका रोगी मुलाच्या खर्चांत दोन निरोगी मुलें शिकतील, असें हिशेबी गृहस्थ म्हणतात. हिशेब बरोबर आहे. त्यामागची समजूत चूक आहे. इन्सुलिन वेळेवर मिळालेलें मूल पंगु नसतें. तें धांवतें, पोहतें, परीक्षा देतें, संसार करितें. पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम यास १९९७ च्या सुमारास हाच रोग जडला. त्यानंतरहि तो खेळत राहिला आणि २००३ सालच्या विश्वचषकांत एकदिवशीय सामन्यांतील ५०० बळी पुरे करणारा पहिला गोलंदाज ठरला. शिवाय, मुलांची किंमत त्यांच्यापासून होणाऱ्या उत्पन्नावर ठरवावयाची म्हटल्यास आपल्यापैकीं किती जणांस शाळेंत घेतलें असतें, हाहि प्रश्न आहेच.

दुसरे म्हणतात, हें काम सरकारचें. तेंहि खरें आहे, आणि सरकारापाशीं तें मागितलेंच पाहिजे. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या कायद्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झाला, परंतु या मधुमेहाचा झाला नाहीं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालीं अशा परीक्षार्थींस साखरेच्या गोळ्या, फळें व पाणी बरोबर नेण्याची परवानगी दिली. २०२३ सालीं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेंहि शाळांत या मुलांस रक्त तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची व मधल्या वेळीं खाण्याची मोकळीक द्यावी असें राज्यांस कळविलें. हीं पावलें योग्य दिशेनें आहेत. पण कायदा होईपर्यंत इन्सुलिनवांचून थांबा असें कोणत्या मुलास सांगावयाचें? त्याच्याजवळ दिवस थोडे असतात.

पैशावांचून करतां येण्याजोगें कांहीं आहे कीं नाहीं, असें एखादा विद्यार्थी विचारील. आहे, आणि तें उद्यांपासून करतां येईल. अशा मुलाच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली म्हणजे त्यास दरदरून घाम येतो, हात कांपतात, तें बरळतें, चिडतें किंवा बांकावर डोकें ठेवून गप्प बसतें. शिक्षकास वाटतें, मूल आळशी आहे; सोबत्यांस वाटतें, सोंग करितें. त्या क्षणीं त्यास एकटें कोठेंहि पाठवूं नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत ढवळून पाजावी, जवळ बसावें, आणि पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुनः द्यावी. शुद्धच गेली असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां कुशीवर निजवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें. त्यासाठीं येत्या जून महिन्यापासून प्रत्येक वर्गाच्या कपाटांत खडूच्या पेटीशेजारीं साखरेची एक लहान बरणी ठेवावी. झांकण घट्ट असावें, नाहीं तर मुंग्या लागतील. आणि कपाटास कुलूप लावूं नये.